गूं, चर्र, खर्र आणि फुस्स

"अगं, तुझा ॲम्प फाटलाय," तालीम मध्येच थांबवून आमचा ड्रमर म्हणाला. मी दुर्लक्ष केलं. आमच्या ड्रमरला माझ्या बेस गिटारच्या आवाजाबद्दल रोज काही ना काही म्हणायचंच असतं. पण पुढच्या गाण्यात ई तारेवरचा पाचव्या फ्रेटचा ए जरा जोरात वाजवला, तर सुराच्या बुडाशी कुणीतरी घसा खरवडतंय असं मलाही ऐकू आलं.

खरं तर आवाज खराब झाल्याला त्याआधीच महिना उलटून गेला होता. तेवढ्या वेळात मी कितीतरी गोष्टी करून पाहिल्या, बहुतेक चुकीच्या आणि सगळ्या चुकीच्या क्रमानं. कारण एकच, मी त्या सगळ्याला 'बझ' म्हणत होते. ॲम्प बझ करतोय, एवढंच. प्रत्यक्षात एकावर एक चढलेले तीन वेगळे आवाज होते, आणि चौथा पुढे मीच तयार केला. आपल्या भाषेत आवाजांना एवढी नेमकी नावं असताना मी तो एक आळशी शब्द धरून बसले होते.

आधी सामान सांगते. चार तारांची बेस, दोन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग). तीनशे वॅटचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, ट्रान्झिस्टरचं. आणि एक जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं कॅबिनेट, त्यात दहा इंची चार स्पीकर आणि वर उंच सुरांसाठी एक छोटा हॉर्न. मागच्या पट्टीवर '८ ओम' लिहिलेलं.

पहिला आवाज 'गूं'. हा मी वाजवत नसतानाही यायचा, एकसारखा. मेन्सचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०), त्याचाच हा सूर, सोबत त्याच्या पटीतले १००, १५० वगैरे. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे शेवटी तारेचं वेटोळंच, तारांचा कंप पकडतं तसं खोलीतल्या ट्रान्सफॉर्मरची आणि दिव्यांच्या डिमरची चाहूलही पकडतं. मी बेस गळ्यात घेऊन जागेवरच गोल फिरले. एका दिशेला गूं वाढली, दुसरीकडे जवळजवळ गेली. म्हणजे ती पिकअपमधूनच येत होती. तारांना हात लावला की कमी व्हायची. हे चांगलं लक्षण, ब्रिजचं, म्हणजे तारा ज्यावर अडकवतात त्या पट्टीचं, अर्थिंग शाबूत असल्याचं. हात लावल्यावर वाढली असती तर जॅकच्या वायरी उलटसुलट असल्याचा संशय घ्यावा लागला असता.

या बेसमधली दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेली आहेत, त्यामुळे दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की दोन्ही गूं एकमेकींना खातात. मी मात्र पुढचं पूर्ण आणि मागचं अर्धं ठेवायचे, आणि वर कुरकुर करायचे. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसवर एकसंध सिंगल कॉइल पिकअप होतं, १९५७ साली त्याचे दोन तुकडे झाले तेव्हा ही अडचण तिथे मिटली. म्हणजे मी ज्याच्याशी झगडत होते त्याचं उत्तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच सापडलेलं होतं.

व्हॉल्यूम सारखे केले तरी थोडी गूं उरली. ती लॅपटॉपची निघाली. रेकॉर्डिंगसाठी हेडची डीआय लाइन (स्पीकरला वगळून सिग्नल थेट बाहेर देणारी) लॅपटॉपच्या इंटरफेसला जोडलेली आणि दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जाणारी, त्यामुळे अर्थिंगचं वर्तुळ तयार झालेलं. हेडच्या मागे 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण होतं, दाबलं, संपलं. अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाका असा सल्ला देणारे भेटतात. गूं जाईलही. पण बेसच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात, बोटं तारांवर असतात आणि ओठ माइकला टेकतात. हेडमध्ये काही बिघडलं तर मेन्सचा प्रवाह तुमच्यातून जाणार. ती पिन जागेवर राहू द्या.

दुसरा आवाज 'चर्र'. जोरात वाजवलं की कधी यायचा, कधी नाही. मुळात मला त्रास याचाच होता. केबल बदलली. बेसचा जॅक घट्ट केला. व्हॉल्यूमच्या खुंट्यांमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून त्या तीसेक वेळा गरगर फिरवल्या. मग इफेक्ट्स लूप, म्हणजे बाहेरची इफेक्टची यंत्रं मध्ये जोडायची वाट. हा प्रयोग प्रत्येकानं करून पाहावा, कारण तो फुकट आहे. हेडच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतात. त्यात काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्नच्या आतल्या एका छोट्या पत्र्यावरून पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथं काही लावलं नाही की तो पत्रा काळवंडतो आणि आवाज अधूनमधून गायब व्हायला लागतो. एक छोटी केबल घेऊन सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावायची. आवाज सुधारला तर दोषी सापडला. माझ्याकडे तसूभर फरक पडला नाही.

आणि मग एके दिवशी चर्र आपोआप थांबली.

मी खूश. क्लीनरनं काम केलं असं धरून चालले. त्यानंतर आवाज जरा पातळ वाटायला लागला, त्याचं खापर मी तालमीच्या खोलीवर फोडलं आणि व्हॉल्यूम वाढवला. हेडवरची खालच्या सुरांची 'बेस' खुंटीही पुढे नेली. आता माहीत आहे की दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे ६ डेसिबल वाढवले की स्पीकरमध्ये चौपट वॅट जातात. तेव्हा एवढंच दिसत होतं की खुंटी अजून बरीच फिरते.

ड्रमरला ऐकू आली ती यानंतरची 'खर्र'. चर्र आणि खर्र यांत फरक आहे. चर्र म्हणजे तळणीसारखी, तुटक, सुराशी देणंघेणं नसलेली. खर्र मात्र सुराला चिकटून येत होती, सूर चालू असेपर्यंतच, आणि खालच्या सुरांना जास्त. हा फरक तेव्हा कळला असता तर पुढचा आठवडा वाचला असता. मी काय केलं? फ्रेटला तार घासतेय असं समजून ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, पाव वळसा सैल केला, ब्रिजवरचे तारा टेकायचे सॅडल उचलले, तारा इतक्या उंच केल्या की डाव्या हाताची करंगळी दुखायला लागली. ॲम्प बंद करून नुसती बेस कानाशी लावून वाजवायचं मला सुचलं नाही. तशी वाजवली असती तर ती अगदी स्वच्छ वाजते हे दोन मिनिटांत समजलं असतं.

शेवटी गिटारवाल्यानं अक्कल शिकवली. तो दुसऱ्या बँडमध्येही वाजवतो, तिथल्या बेसवाल्याचा ॲम्प घेऊन आला. माझं हेड त्याच्या कॅबिनेटला: स्वच्छ. त्याचं हेड माझ्या कॅबिनेटला: खर्र. दहा मिनिटं लागली. (दोन्ही वेळा हेड बंद करूनच केबल बदलली. व्हॉल्व्हचं हेड असेल तर ते स्पीकर न जोडता चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच केबल हवी. गिटारची केबल दिसते तशीच, पण आतली तार केसासारखी बारीक.)

म्हणजे कॅबिनेट. जाळी काढली, वाजवायला गिटारवाल्याला बसवलं आणि मी चारही स्पीकरच्या कोनांवर, त्या कागदी शंकूंवर, एकेक करून हलकेच बोटं ठेवली. चारही थरथरत होते. वरचे दोन तर जरा जास्तच. मी जाहीर केलं, "चारही जिवंत आहेत."

दोन मेले होते.

हे समजलं मल्टिमीटर लावल्यावर. हेडपासून केबल सोडवली, केबलच्या टोकाला मीटरच्या दोन्ही काड्या लावल्या. आधी काड्या एकमेकींना टेकवून बघायचं, माझ्या मीटरच्या काड्यांचाच ०.३ ओम दाखवतो, तो वजा करायचा. आठ ओमचं कॅबिनेट मीटरवर आठ दाखवत नाही. आठ हा कॉइलचा चालू आवाजातला ढोबळ विरोध असतो, नुसत्या तारेचा साधारण सहा भरतो. हॉर्नच्या आधी कपॅसिटर असतो, त्यामुळे तो या मापात येतच नाही. मला सहाच्या आसपास अपेक्षित होतं. आकडा आला १२.४.

कागदावर काढून पाहिलं तेव्हा उलगडलं. आठ-आठ ओमचे चार स्पीकर जोडून आठच ओम आणायचे, तर एक पद्धत अशी: दोन-दोन स्पीकर एकामागून एक जोडून दोन जोड्या करायच्या, प्रत्येक जोडी सोळा ओमची, आणि त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर. मग परत आठ. आता एका जोडीतला एक स्पीकर तुटला की त्याचा जोडीदार धडधाकट असूनही मुका होतो, कारण त्याच्याकडे जाणारी वाटच बंद. उरते एक जोडी. माप दुप्पट.

मग मेलेले कोन हलत का होते? चारही एकाच खोक्यात, आतली हवा एकच. खालचे दोन जिवंत स्पीकर हवा ढकलत होते आणि वरचे दोन तिच्यावर नुसते डोलत होते, वाऱ्यावर पडदा हलावा तसे. कॉइलमधून प्रवाह वाहायला वाटच नाही म्हटल्यावर त्यांना विजेचा लगामही नाही, म्हणून जिवंतांपेक्षा ते जास्त हलत होते. मी त्यालाच जोम समजले. ड्रमरनं हे ऐकलं आणि अजून विसरलेला नाही.

आणि आता आधीच्या महिन्याची गोष्ट सरळ रांगेत लागली. चर्र येत होती ती तुटायला आलेल्या तारेची. चर्र थांबली त्या दिवशी तार पूर्ण तुटली होती. दोन स्पीकर गेल्यानं आवाज ६ डेसिबलनं पडला, मी तो भरून काढायला व्हॉल्यूम वाढवला आणि राहिलेल्या दोघांवर चौपट भार टाकला.

स्पीकर बाहेर काढायचं काम सोपं, पण छातीत धाकधूक होते. स्पीकरचा चुंबक स्क्रूड्रायव्हर स्वतःकडे खेचतो. हात जरा सैल असला की टोक घसरून कोनमधून आरपार जातं. मी डावा तळवा कोनवर आडवा धरून प्रत्येक स्क्रू काढला. एका स्पीकरला आठ, एकूण बत्तीस. वायरी सोडवण्याआधी फोनवर फोटो काढले. दोन अंधुक निघाले, त्याचं फळ पुढे मिळालं.

वरचा डावा: ६.१ ओम. निर्दोष. वरचा उजवा: मीटर काहीच दाखवेना. काड्या तशाच धरून कोन अंगठ्यानं अगदी हळू आत ढकलला. एका ठिकाणी आकडा लुकलुकला, सहा, आणि परत गेला. स्पीकरच्या चौकटीवरच्या खिळीपासून कोनपर्यंत वेणीसारखी विणलेली एक मऊ तार जाते. कोन सेकंदाला पन्नास-शंभर वेळा पुढेमागे होतो, तेवढ्या वेळा ही तार वाकते. बघायला ती धडधाकट होती. नखानं उचलून दिव्यासमोर धरली तेव्हा खिळीच्या झाळकामापासून दोनेक मिलिमीटरवर तांबं संपलेलं दिसलं. वेणीच्या आत सुताचा गाभा असतो, त्यावर तांब्याचे तंतू गुंडाळलेले. तंतू तुटले होते, सूत शाबूत होतं, आणि ते सूतच तार अखंड असल्याचा आव आणत होतं.

मग खालचे दोन. स्पीकर मांडीवर उताणा घेतला, दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवली आणि सगळीकडून सारखा दाब देत कोन खाली नेला. एका बाजूनं दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून ही काळजी. उजवा गुळगुळीत गेला, आवाज नाही. डावा अर्ध्या वाटेवर खरखरला, पॉलिश पेपरवर नख फिरवल्यासारखा, आणि तो खरखराट बोटांच्या टोकांना कानाआधी कळला. चुंबकाच्या मागच्या भोकाशी नाक नेलं. जळका, वार्निशसारखा वास. हीच ती खर्र.

कधी कधी कोन धरणारी मागची नक्षीदार चकती वर्षांनुवर्षांच्या वजनानं ओघळते आणि कॉइल खाली टेकते, तेव्हा स्पीकर नुसता अर्धा वळसा फिरवून बसवला की काम भागतं. मी तेही करून पाहिलं. खरखर तशीच.

दोन्ही स्पीकर दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. त्यांनी घासणाऱ्या स्पीकरचा कोन कापून कॉइल बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. तांबूस असायची ती तपकिरी पडलेली, तीन-चार वेढे नळीपासून सुटून वर आलेले. तेच चुंबकाच्या फटीत घासत होते.

"याचा जोडीदार बंद होता का?" काकांनी विचारलं.

"हा नाही काका, याच्या वरचे दोन."

"म्हणजे चौघांचं काम दोघांना दिलंस."

विणलेली तार त्यांनी बदलली, आणि बदलताना थोडी लांब ठेवली, म्हणजे वाकायला जागा राहते. पण फार लांब नाही, नाहीतर ती कोनवर टपटप आपटते आणि पुन्हा नवा आवाज. दुसऱ्या स्पीकरला नवीन कॉइल, नवीन चकती, नवीन कोन. कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये कागदापेक्षा पातळ फिल्मच्या पट्ट्या सारख्या अंतरावर उभ्या सरकवल्या, त्यामुळे कॉइल आपोआप मध्यावर आली. मग चिकटवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या, कोन दाबून पाहिला आणि मगच मधली टोपी चिकटवली. मी बाजूला बसून सगळं पाहिलं. एवढ्या अरुंद फटीत माझी कॉइल इतकी वर्षं न घासता कशी राहिली, याचंच मला नवल वाटत होतं.

घरी येऊन चारही बसवले. मीटर: ६.२. टाळी वाजवायचीच बाकी होती. हेड चालू केलं, वाजवलं, आणि खालचा सूर आधीपेक्षाही पोकळ. खर्र नाही, चर्र नाही, गूं नाही, पण बेसमधून बेसच काढून घेतल्यासारखी.

अंधुक फोटोचं फळ ते हे. वायरी सगळ्या काळ्या, एकीवर पुसट पांढरी रेघ, ती मी एका स्पीकरला उलटी लावली होती. मीटरला सुलट-उलट कळत नाही, ओम तेवढेच. पण तीन कोन बाहेर येतात तेव्हा चौथा आत जातो आणि त्याच्या वाट्याची हवा तिथल्या तिथे इकडून तिकडे होते. ओळखायची युक्ती जुनी आहे. हेडपासून सोडवलेल्या केबलच्या टोकाला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवायची, प्लगच्या शेंड्याला अधिक, दांड्याला उणे. टेकवायची आणि उचलायची, धरून ठेवायची नाही. तीन कोन टपकन पुढे आले, खालचा डावा मागे गेला. नवाकोरा. वायरी अदलाबदल केल्या.

मग फोनवरच्या टोन जनरेटरनं ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवत नेला. बेसची मोकळी ई ४१ हर्ट्झची, ए ५५, डी ७३ आणि जी ९८, म्हणजे सगळ्या मोकळ्या तारांची वस्ती या पट्ट्यात येते. सैल वस्तू आपापल्या सुराला बरोबर बोलतात. ६८ला बाजूची मूठ खुळखुळली, तिच्यामागे फोमची पट्टी घातली. ११० च्या आसपास जाळीवरची नावाची पट्टी झणझणली, तिचा स्क्रू आवळला. आणि ५० च्या खाली एक नवीनच आवाज: फुस्स. प्रत्येक लाटेबरोबर, सायकलच्या पंपासारखा.

हा माझा. बसवताना बत्तीसपैकी एकतीसच स्क्रू सापडले होते. फरशी, सतरंजी, खिसे, सगळं शोधून झालं आणि एका स्क्रूनं काय होतंय म्हणून मी तसंच पुढे गेले होते. स्क्रूचं भोक थेट खोक्याच्या आत उघडतं. तळवा कडेकडेनं फिरवत गेले तर वरच्या उजव्या स्पीकरच्या त्या मोकळ्या भोकाशी गार फुंकर लागली.

तो स्पीकर परत काढला, आत टॉर्च मारला. हरवलेला स्क्रू शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाला पाठीमागे चिकटून बसला होता, डोकं खाली करून.

पुढच्या तालमीला बत्तीस स्क्रूंचं कॅबिनेट घेऊन गेले. मोकळी ई वाजवली आणि सोडून दिली. सूर खोलीभर पसरला, आणि त्याच्या मागून बारीक, पत्र्याची झणझण. मी खाली वाकून कॅबिनेटला कान लावला.

"ते माझं आहे," ड्रमर म्हणाला आणि त्यानं स्नेअर ड्रमच्या बुडाच्या तारांचा खटका खाली केला.